पाठमोरा

"हा फोटो तुम्ही काढलात?" असं त्या बाईंनी विचारलं तेव्हा विक्रांतच्या तोंडात अर्धा मोदक होता, म्हणून त्याने नुसती मान हलवली. तिथवर सगळं ठीक होतं. फोटो त्यानेच काढला होता. बाईंनी चष्मा वर सरकवला, फ्रेमच्या काचेवर बोट टेकवलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही तिथे गेला होतात?" मोदक गिळून विक्रांत म्हणाला, "हो." तेवढ्यात आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या, बाई हात जोडून मूर्तीकडे वळल्या आणि तोही वळला. सदतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने याहून मोठ्या थापा मारल्या होत्या, ऑफिसात तर आठवड्याची एक ठरलेली असे, आणि त्यातली एकही घरापर्यंत त्याच्या मागे आली नव्हती. ही आली. हायवेचं काम चालू होतं, गाड्या एकेका रांगेतून सरकत होत्या, शेजारी वल्लरी डुलक्या काढत होती, मागच्या सीटवर आठ वर्षांची सुखदा प्रसादाच्या पुडीतली साखर बोटाने टिपून खात होती, आणि विक्रांतला ते बोट दिसत होतं. नख आखूड कापलेलं, कडेला हळदीचा डाग. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. तशी बाई साधीच होती. त्याला खरं सांगायचं तर तेव्हा लाज वगैरे काही वाटली नव्हती. बरं वाटलं होतं. साठीची एक शहाणीसुरती बाई त्याच्या फोटोसमोर उभी राहून फसली, याचा त्याला चक्क आनंद झाला होता.

कारण "तिथे" म्हणजे कुठेच नव्हतं. फोटोतला शिपाई अंगठ्याएवढा होता, प्लॅस्टिकचा, सदर बाजारातून आणलेल्या पाकिटातला. मूळचा तो गुडघ्यावर बसलेला रेडिओवाला. त्याचा रेडिओ मोडला तेव्हा विक्रांतने ब्लेडने त्याची पाठ तासली, मेणबत्तीवर धरून पाय वळवला, आणि तो दगडाला टेकून बुटाची नाडी सोडतोय असा बसवला. गुडगावात त्यांच्या सोसायटीमागे नव्या टॉवरसाठी खोदकाम चाललं होतं. त्या खड्ड्याच्या काठावर मातीचे ढिगारे, अरवलीचा फोडलेला दगड, मध्येच एखादी विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. माणसाच्या उंचीवरून पाहिलं तर तो नुसता राडारोडा. पण पोटावर झोपून, राजम्याच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून, डोळा जमिनीपासून चार बोटांवर आणला की तोच राडारोडा डोंगर होई. ही जादू त्याला दोन वर्षांपूर्वी अचानक सापडली आणि तेव्हापासून त्याचे रविवार त्या मातीत जात होते. मुलतानी मातीत रांगोळी मिसळली की धूळ होते. आडोशाला दोन उदबत्त्या पेटवल्या की मागे कुठेतरी काहीतरी जळत असतं. वल्लरी म्हणायची, "आमच्या देवघरातलं सगळं सामान आघाडीवर रवाना झालंय, देव मागे एकटेच राहिलेत." तिला हा छंद आवडत नव्हता असं नाही. दारूपेक्षा बरा, असं ती आईला फोनवर सांगायची. एकच नियम विक्रांतने पहिल्या महिन्यातच शिकून घेतला होता: शिपायाचा चेहरा दाखवायचा नाही. हात, पाठ, हेल्मेट, पट्टा, सगळं खपून जातं. चेहरा दगा देतो. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात ती शिवण नेमकी नाकावरून जाते, आणि डोळ्यांच्या जागी दोन दाबलेले खळगे असतात. म्हणून त्याचे सगळे शिपाई पाठमोरे. मराठी मंडळाच्या गणपतीत "आमचे छंद" म्हणून प्रदर्शन होतं, भरतकाम आणि बोन्साय यांच्या मधल्या भिंतीवर त्याचे पाच फोटो लावले होते. खाली चिठ्ठी कोणती लावायची ते त्याने लिहून दिलं होतं, "खेळण्यातले सैनिक, नैसर्गिक प्रकाशात". पण मंडळाचे सेक्रेटरी नरसिंहराव यांची तीस वर्षं मंत्रालयात दुसऱ्यांची टिपणं कापून लहान करण्यात गेली होती. त्यांनी ते कापून "सैनिक, नैसर्गिक प्रकाशात" एवढंच ठेवलं. "फार लांबण लागत होती हो," ते म्हणाले. विक्रांतने तेव्हाच दुरुस्त करून घ्यायला हवं होतं. त्याने घेतलं नाही, आणि का घेतलं नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

अठराव्या वर्षी तो संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेत पास झाला होता, मुलाखतीत पास झाला होता, आणि शेवटच्या तपासणीत एका लष्करी डॉक्टरने त्याला पाय ओले करून सिमेंटच्या जमिनीवर उभं केलं होतं. "बाजूला हो." तो बाजूला झाला. जमिनीवर त्याच्या दोन्ही पावलांचे ठसे उमटले होते, अखंड, कुठेही कमान नसलेले. सपाट तळव्यांचा माणूस सैन्यात चालत नाही. डॉक्टर हसले, वाईट नाही, समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, यावर माणूस इंजिनीअर उत्तम होतो. मे महिना होता. कपडे घालून होईपर्यंत ते ठसे वाळूनही गेले. पुढे माणूस खरोखरच इंजिनीअर झाला. नव्वदनंतर कंपन्या आल्या, पुणं सुटलं, काचेच्या इमारती, पंधराव्या मजल्यावरचा फ्लॅट, सिंगापूरहून आणलेला कॅमेरा. तक्रार करायला जागा नव्हती. कारगिलच्या उन्हाळ्यात ऑफिसातले सगळे टीव्हीसमोर उभे राहायचे तेव्हा तो मात्र मागच्या खुर्चीत बसून बूट काढायचा आणि तळवा गार फरशीला टेकवायचा. आज त्या बाईंनी विचारलं, तुम्ही तिथे गेला होतात, तेव्हा उत्तर त्या अठरा वर्षांच्या पोराने दिलं होतं. पण ते पोर आता कोणाला जाब द्यायला सापडणार नव्हतं. जाब सदतीस वर्षांच्या माणसालाच द्यायचा होता.

आणि तो चौथ्या दिवशीच मागितला गेला. मीटिंगमध्ये फोन वाजला, बाहेर येऊन त्याने घेतला. "मी रेवती निजसुरे. नंबर नरसिंहकाकांनी दिला. तुम्ही माझ्या आईला काय सांगितलंत?" आवाज तापलेला नव्हता, थकलेला होता. तिचे वडील, कॅप्टन श्रीरंग निजसुरे, एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर बेपत्ता झाले. रेवती तेव्हा आईच्या पोटात होती. लष्कराने वर्षभराने कळवलं, मृत मानावं. आईने मानलं नाही. सरकारी नोकरी केली, मुलगी वाढवली, गुडगावजवळच द्वारकेला फ्लॅट घेतला, आणि कुंकू एक दिवस चुकवलं नाही. "मी लहानपणापासून ऐकतेय, आज ना उद्या. यंदा पहिल्यांदा तयार झाली होती, बिल्कुल तयार. देह मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करतात ना, आणि त्याला अग्नी देतात. सर्वपित्री अमावास्येला गढमुक्तेश्वरला गंगेवर करायचं, भटजी ठरलेत, मी रजा टाकलीय. गणपतीहून आली आणि म्हणाली, रद्द कर. म्हणाली, मी ती जागा पाहिली, तिथे अजून माणसं बसतात. कुठली जागा? तुम्ही आर्मीत आहात का?" विक्रांत म्हणाला, "नाही." मग त्याने सगळं सांगितलं, सदर बाजारासकट. मग रेवती म्हणाली, "मी त्यांना कधी बघितलेलंच नाही. मला एकदा नीट रडायचंय आणि संपवायचंय, एवढंच. मी सांगितलं तर तिला वाटेल मी मुद्दाम सांगतेय. तुम्ही सांगा. ‘हो’ तुम्ही म्हणालात, आता ‘नाही’सुद्धा तुम्हीच म्हणा."

सांगणं काय, एका फोनचं काम होतं. रेवतीने दिलेल्या नंबरवर त्याने त्याच संध्याकाळी तिच्या आईला लावला. "काकू, त्या फोटोबद्दल जरा…" "बरं झालं तूच फोन केलास," चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या; तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंही नाही. "मी विचारणारच होते. वेडी समजू नकोस हं मला. तो श्रीरंग नाही हे मला कळतं. श्रीरंग आता बासष्ट वर्षांचा असेल. पण मला इतकी वर्षं ती जागाच दिसत नव्हती रे. पत्रात लिहायचा, इकडे सगळं ठीक आहे. इकडे म्हणजे कुठे? डोळे मिटले की नुसता नकाशा यायचा, शाळेतला. तुझ्या फोटोत पहिल्यांदा माती दिसली, दगड दिसला. माणूस तिथे निवांत बसून बुटाची नाडी सोडू शकतो, हे दिसलं. म्हणजे नुसती मरायचीच जागा नाही ती." विक्रांतने तोंड उघडलं. "रात्री थंडी असते का तिथे?" त्यांनी विचारलं. "असते," तो म्हणाला. "आणि पाणी?" "पाणी खालून आणावं लागतं. कॅनमधून." हे कुठून आलं ते त्याला आधी उमगलं नाही, फोन ठेवल्यावर उमगलं: साइटचा वॉचमन रोज खालच्या नळावरून कॅन भरून वर आणायचा. थाप मारतानासुद्धा त्याला बारकावे सुचत होते. आता मात्र त्याला लाज वाटली, चांगली घाम फुटेपर्यंत वाटली, आणि वल्लरीने विचारलं, "सांगितलंस?" तेव्हा तो तिच्यावरच खेकसला. वल्लरीने उलट आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "त्या बाईंना तुझा फोटो खोटा आहे हे कळायची तुला भीती वाटत नाहीये. तू तिथे नव्हतास हे कळायची वाटतेय." आणि कुकर लावायला निघून गेली.

पितृपक्ष लागला. ऑफिसच्या पंजाबी मित्रांनी श्राद्धात गाडी घ्यायची नाही म्हणून खरेदी पुढे ढकलली, यावर कँटीनमध्ये चेष्टा चालली होती. विक्रांत अमावास्येला किती दिवस उरले ते मनात मोजत होता. काचेतून खाली खड्डे दिसायचे, एकापुढे एक, आणि प्रत्येकात पिवळी यंत्रं. इतक्या उंचीवरून सगळं खेळण्यातलं वाटायचं, माणसं तर फारच. एके संध्याकाळी सुखदाने तो फोटो त्याच्या टेबलावर पाहिला आणि विचारलं, "बाबा, ये उधर क्यों देख रहा है?" "मराठीत." "हा तिकडे का बघतोय?" "पाठमोरा आहे तो." "पाठमोरा मतलब?" "तोंड तिकडे असलेला." सुखदाने फोटो उलटा केला, मागचा कोरा कागद पाहिला आणि म्हणाली, "इकडे तर काहीच नाहीये." तिला तो विनोद वाटला होता. विक्रांत हसला नाही म्हणून ती जरा हिरमुसली आणि गृहपाठाला बसली.

अमावास्या तीन दिवसांवर आली तेव्हा, रविवारी दुपारी, तो शिपाई शर्टाच्या खिशात घालून द्वारकेला गेला. सोबत कॅमेऱ्याची बॅग का घेतली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, सवयीने घेतली. दार उघडलं तर दिवाणखान्यात कोचाशेजारी एक भरलेली बॅग. वर घडी घातलेला स्वेटर आणि शाल. भिंतीवर लग्नाचा फोटो, त्यात एक उंच तरुण कोणीतरी सांगितल्यासारखा हसत होता. रेवती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पुढे आली नाही. "बस," चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या. "मी ठरवलंय. एकदा ती जागा पाहून येते, मग रेवती म्हणेल ते करते. परवानगी लागत असेल तर माझ्या ऑफिसातल्या ओळखी आहेत अजून. किती दिवस लागतात जायला?" विक्रांतने घरून काही वाक्यं पाठ करून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. "काकू," तो म्हणाला, "गाडीने पाऊण तास."

त्याने खिशातून शिपाई काढला आणि चहाच्या बशीशेजारी ठेवला. वाकडा पाय, तासलेली पाठ, अंगठ्याएवढा. चंद्रप्रभाकाकूंनी त्याला हात लावला नाही. "हा?" "हा." "आणि तो डोंगर?" "गुडगावला. आमच्या बिल्डिंगच्या मागे. मी तिथे, आघाडीवर, कधीच गेलेलो नाही, काकू. मला घेतलं नाही त्यांनी." पंखा फिरत होता. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं भोंग्यातलं गाणं वर ऐकू येत होतं. "मग हो का म्हणालास?" "म्हणावंसं वाटलं." "लाज नाही वाटली?" "वाटली. म्हणून आलो." "उशिरा वाटली," त्या म्हणाल्या. आवाज चिरला होता, पण त्या रडल्या नाहीत; कोणी फाइल चुकीची आणून दिली तर ऑफिसात त्या अशाच बोलत असतील. विक्रांत उठायला लागला. त्याची समजूत होती की झालं, आता आपण जायचं. चंद्रप्रभाकाकूंनी स्वेटर बॅगेतून काढून बाजूला ठेवला, शाल ठेवली, चष्म्याचं घर तेवढं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "चल. पाऊण तास म्हणालास ना?" रेवती म्हणाली, "आई, कशाला आता?" "मी पाहिली ती जागा मला पाहायचीय," त्या म्हणाल्या. "उगाच नाही रद्द केलं मी."

दोन आठवड्यांत अर्धा ढिगारा यंत्राने नेला होता. उरलेला होता तो पुरेसा होता. ऊन कलायला लागलं होतं, वॉचमनने ओळखून हात केला. विक्रांतने गाडीतली सतरंजी काढून खड्ड्याच्या काठाशी अंथरली, दगड शोधला, शिपाई टेकवून बसवला, राजम्याची पिशवी ठेवली, आणि नेहमीप्रमाणे पोटावर झोपून कॅमेरा लावला. रांगोळी नव्हती, उदबत्ती नव्हती. तरीही चौकटीत ते आपोआप जुळून आलं: माती, दगड, तिरपं ऊन, पाठ. त्याचा जीव नेहमीसारखाच हरखला, आणि अशा वेळीही हरखला म्हणून त्याला स्वतःचा राग आला. तो बाजूला झाला. "पण झोपावं लागतं," तो म्हणाला. चंद्रप्रभाकाकूंनी चपला काढल्या, पदर खोचला, रेवतीचा हात धरून आधी गुडघे टेकले आणि मग सुती साडीसकट त्या मातीत पालथ्या झाल्या. वॉचमन धावत आला. "माताजी की तबीयत ठीक है?" "ठीक है," रेवती म्हणाली. "फोटो देख रही हैं." त्याने बघितलं, त्याला काही कळलं नाही, तो तिथेच उभा राहिला.

त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. रेवती आईच्या पाठीकडे पाहत होती. दूर यंत्राचा घरघराट थांबला, तेव्हा कीकरीवरच्या साळुंक्या ऐकू यायला लागल्या. "दिसतंय," चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या. "अगदी तसंच दिसतंय." मग डोळा न काढता म्हणाल्या, "त्याला इकडे वळव." विक्रांतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काकू, तो पाठमोराच…" "तोंड इकडे कर त्याचं. मला बघू दे." दोन वर्षं पाळलेला एकच नियम होता. नाही म्हणावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं. त्या नाकावरच्या शिवणीपेक्षा, त्या दोन खळग्यांपेक्षा, पाठ कितीतरी दयाळू होती. पण नाही म्हणायचा हक्क त्याने त्या एका "हो"मध्ये घालवला होता. हात लांब करून त्याने दोन बोटांत शिपाई धरला, फिरवला, दगडाला टेकवला आणि हात मागे घेतला.

चंद्रप्रभाकाकू हलल्या नाहीत. विक्रांतला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कॅमेऱ्यामागे नुसता पांढरा होत चाललेला अंबाडा आणि मानेवर मंगळसूत्राची दोरी. चौकटीत काय आहे ते त्याला पाठ होतं. "चेहरा नसतो त्यांना नीट," तो म्हणाला. "साचाच तसा असतो. म्हणून मी…"

"असू दे," चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या. "लग्नाच्या फोटोतला आठवतो मला, पण तो फोटोवाल्याने हसा म्हटलं म्हणून हसलेला. त्याचा स्वतःचा…" त्यांनी डोळा कॅमेऱ्यापासून काढला आणि कपाळ राजम्याच्या पिशवीवर टेकवलं. "मलासुद्धा आता एवढाच आठवतो रे."

रेवती खाली बसली, मातीतच, आणि आईच्या पाठीवर हात ठेवून रडायला लागली, मोठ्याने, वॉचमनसमोर. चंद्रप्रभाकाकूंनी तिला थांबवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून विक्रांतला सांगितलं, "भटजींना फोन करायला सांग तिला. बुधवारी येतो म्हणावं." मग त्या म्हणाल्या, "आणि त्याला परत वळव. ऊन डोळ्यांवर येतंय त्याच्या."

विक्रांतने त्याला परत वळवलं.